क्विनोआ राहू दे, आधी नाचणी आण

अगं, पहिल्याच महिन्यात क्विनोआ आणि अॅव्होकॅडोवर पगार उडवू नकोस. क्विनोआ मूळचा अँडीज पर्वतातला. वाईट नाही, पण नाचणी असताना मला त्याची गरज कधी वाटली नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि तिच्यासाठी भातासारखं शेतात पाणी तुंबवून ठेवावं लागत नाही. तुंबलेल्या खाचरातून मिथेन निघतो. भात सोडू नकोस, रात्री भाकरी कर, एवढंच.

ठाण्यात राहायला आलीस, तर पावसाळ्यात रानभाज्या शिकून घे. टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं घेऊन आदिवासी बायका बाजारात बसतात. ना खत, ना फवारणी. शेवळं मात्र काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंच घातल्याशिवाय शिजवू नकोस, घसा भयंकर खाजतो. निवडायची कशी ते विकणाऱ्या मावशींनाच विचार. त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. अनोळखी पाला स्वतः तोडून आणू नकोस.

मासे खातेस ना? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. तेव्हा सुकट, सुके बोंबील, नाहीतर वालाचं बिरडं. एरवीही तळहाताएवढं पापलेट स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नकोस. त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. मला हे बघवत नाही.

आणि आठवड्याची पालेभाजी एकदम भरू नकोस, निम्मी फ्रीजमध्येच सडते. शनिवारी सकाळी मी जांभळी नाक्याला जाते, पिशवी घेऊन ये.