जर्नलला पाठवलेल्या पेपरवर रिव्ह्यूअरने (पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाने) ‘इंग्रजी सुधारा’ लिहिलं, आता पैसे देऊन एडिटिंग करून घेऊ का?

लगेच नको. आणि मनाला लावून घेऊ नकोस, 2023 मध्ये प्लॉस बायोलॉजी या जर्नलमध्ये आलेल्या पाहणीत 8 देशांतले 908 पर्यावरण संशोधक होते, त्यात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे पेपर भाषेवरून नाकारले जाण्याचं प्रमाण अडीचपट होतं, म्हणजे त्रास खराच आहे.

पण बऱ्याचदा इंग्रजीपेक्षा मुद्दाच गुंतलेला असतो. आपण बडोद्याचे लोक घरी मराठी, बाहेर गुजराती, लॅबमध्ये हिंदी बोलतो, तर पेपरमधला डिस्कशनचा, म्हणजे निकालांचा अर्थ सांगणारा भाग आधी एखाद्या मित्राला दांडिया बाजारात चहा पिताना मराठीतच समजावून सांग, जिथे तो अडेल तिथेच रिव्ह्यूअरही अडलाय. मग छोटी वाक्यं कर, एका वाक्यात एकच गोष्ट. मेथड्ससाठी, म्हणजे काम कसं केलं त्या भागासाठी, त्याच जर्नलमधले चार-पाच पेपर वाच, मांडणी बघ, वाक्यं उचलू नकोस.

एआयकडून व्याकरण तपासलंस तर जर्नलचा नियम बघून एआय वापरल्याचं पेपरमध्ये नमूद कर, आकडे आणि संदर्भ मात्र स्वतः पडताळ. एडिटिंग करणाऱ्यांनी दिलेल्या सर्टिफिकेटने पेपर स्वीकारला जाईलच असं नसतं, त्यामुळे गाईडने आणि दुसऱ्या लॅबमधल्या कोणीतरी वाचल्यावरही अडलं तरच पैसे खर्च कर.