कार्ड मोठ्याने वाच

प्रिय डॉक्टर,

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आणीबाणीत काय काय करायचं त्या पायऱ्यांचं कार्ड हातात घेतलंस, तेव्हा सर्जन म्हणाले, "एवढंही पाठ नाही?" ते तुला फार लागलेलं दिसतं. पाठ असतं, पण ऐन वेळी आठवत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका पेशंटला हाताच्या ऑपरेशनसाठी ब्लॉक दिला, म्हणजे फक्त हात बधिर करायचं इंजेक्शन. त्यातलं बधिर करणारं औषध, बुपिव्हकेन, देऊन जेमतेम दोन मिनिटं झाली आणि तो असंबद्ध बोलू लागला, मग फिट आली, मॉनिटरवरचे ठोके विस्कटले. औषध रक्तात गेलं होतं. उपचार मला तोंडपाठ होता, तरी हात सवयीने, हृदय बंद पडल्यावर एरवी देतात त्या १ मिलिग्रॅम अॅड्रेनलिनकडे वळला. इथे किलोमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी द्यायचं असतं! खरं औषध, २० टक्के लिपिड (शिरेतून द्यायचं पांढरं, स्निग्ध द्रावण), वरच्या मजल्यावर कुलपात होतं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पेशंट वाचला. किल्ली येईपर्यंत छाती दाबत काढलेली मिनिटं मी विसरलेलो नाही.

रोजच्या कामाने हाताला लागलेलं वळण अशा क्वचितच्या प्रसंगात आडवं येतं. अमेरिकेत १७ ओटी टीमना आणीबाणीचे १०६ कृत्रिम प्रसंग देऊन पाहिलं होतं. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्ड नसताना जीव वाचवणाऱ्या २३ टक्के पायऱ्या सुटल्या, कार्ड असताना ६ टक्के.

सरावाला महागडा पुतळा लागत नाही. शनिवारी ऑपरेशनची लिस्ट संपली की टेबलावर उशी ठेव, ५० किलोचा पेशंट समज. किलोमागे दीड मिलि, म्हणजे ७५ मिलि लिपिड, दोन-तीन मिनिटांत द्यायचं. मुदत संपलेल्या बाटलीवर लाल अक्षरांत 'सरावासाठी' लिही आणि सिस्टरना ५० मिलिच्या सिरिंजमध्ये खरोखर ओढायला लाव. किती वेळ जातो ते घड्याळ लावूनच कळतं. भुलीचं प्रोपोफॉलही पांढरं असतं, पण ते लिपिडऐवजी चालत नाही, हेही तेव्हाच सर्वांना सांग.

कार्ड वाचणाऱ्याच्या हातात दुसरं काम नको. आमचं कार्ड आम्ही मराठीत केलं, कारण रात्री दोन वाजता मोकळा माणूस बहुधा ओटीतले मदतनीस मामाच असतात.

पहिल्या सरावाला त्याच सर्जनना बोलाव आणि छाती दाबायचं काम त्यांना दे. हाक मारल्यापासून बाटली टेबलापाशी यायला किती मिनिटं लागली, तेवढं मला कळव.

तुझा,
सर