महिनाअखेरीच्या सहीविषयी

प्रिय तरुण मित्रा,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

तुझे पत्र दोनदा वाचले. माल अजून आलेला नसताना तो मिळाल्याच्या पावतीवर सही कर, असे साहेबांनी तुला सांगितले आणि तू 'उद्या बघतो' म्हणून वेळ मारून नेलीस. घडले एवढेच, पण त्यापायी तुला रात्रभर झोप लागली नाही, हे वाचून मला काळजीपेक्षा समाधानच अधिक वाटले. खोट्या कागदाने ज्याची झोप उडते, त्याच्याशी या विषयावर बोलण्यात अर्थ असतो.

मोह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नोटांनी भरलेली पिशवी येते. हिशेब खात्यात माझी तीस वर्षे गेली, आणि अशा पिशवीने बुडालेली माणसे मला फार थोडी भेटली. बहुतेकांना बुडवले ते 'एवढे एक काम कर ना' या वाक्याने, आणि तेही एखाद्या भल्या माणसाच्या तोंडून. तुझे साहेब दुष्ट नाहीत, हे तूच लिहिले आहेस; आईच्या आजारपणात त्यांनी तुला सांभाळून घेतले होते. अडचण नेमकी तिथेच आहे. खोटी सही उपकाराची परतफेड म्हणून मागितली जाते तेव्हा नकार देणे हाच कृतघ्नपणा वाटू लागतो, आणि ज्याला प्रामाणिक राहायचे आहे तोच मनातल्या मनात गुन्हेगार होऊन बसतो.

बायबलमधील राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला पाचवा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाच. अरामाचा सेनापती नामान याचे कोड गेले तेव्हा संदेष्टा अलीशाने त्याने देऊ केलेली भेटवस्तू नाकारली, आणि अलीशाचा सेवक गेहजी मात्र नामानाच्या रथामागे धावत गेला. त्याने स्वतःसाठी काहीच मागितले नाही, हे लक्षात घे. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी दोन तरुण आताच आले आहेत, त्यांच्यासाठी एक किक्कार (वजनाचे जुने माप) चांदी आणि दोन पोशाख द्यावेत, असे तो म्हणाला. गरजू माणसांचे नाव पुढे केले की आपलीही हाव आपल्याला सेवाभावासारखी दिसते. नामानाने आनंदाने दोन किक्कार दिले. गेहजीने ते घरात ठेवले आणि काही घडलेच नाही अशा थाटात तो धन्यापुढे जाऊन उभा राहिला. कुठे गेला होतास, असे विचारल्यावर 'आपला दास कुठेच गेला नव्हता' असे उत्तर त्याने दिले. मला त्या चांदीपेक्षा या उत्तराची अधिक भीती वाटते, कारण काही घडलेच नाही असा तो थाट मी स्वतः केलेला आहे.

नोकरीला लागून मला दोन वर्षेही झाली नव्हती. महिन्याचा शेवटचा दिवस होता, दिवेलागणीची वेळ होती. वरिष्ठांनी पावती माझ्यापुढे सरकवली, पेनाचे टोपण स्वतःच काढले आणि पेन माझ्या हातात दिले. माल चार दिवसांत येणारच आहे, तारीख तेवढी आजची घाल, असे ते म्हणाले. मी सही केली. माल खरोखरच चौथ्या दिवशी आला, कोणाचे एका पैचेही नुकसान झाले नाही आणि कोणी काही विचारले नाही. पुढच्या महिन्यात मात्र त्यांनी मला सांगितलेही नाही. मी जेवून परत आलो तेव्हा टेबलावर तीन पावत्या ठेवलेल्या होत्या आणि वर पेन आडवे ठेवले होते. पहिल्या सहीने मी काय विकले होते, ते मला त्या आडव्या पेनाकडे पाहून कळले: मला विचारण्याची गरजच उरली नव्हती.

त्या तीन पावत्यांवर मी सही केली नाही, आणि आधीच्या पावतीबद्दलही वरिष्ठांच्या वरिष्ठांना जाऊन सांगितले. यात शौर्य काही नव्हते. हात थरथरत होते. शाबासकी मिळाली नाही. माझ्याकडचे भांडाराचे काम काढून घेतले गेले आणि ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खात असे, त्यांच्यापैकी दोघे कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. देव प्रामाणिक माणसाला लगेच बढती देतो, असे जे मंडळीतल्या साक्षींमध्ये सांगितले जाते, ते मी तुला सांगणार नाही. योसेफ भावांकडून गुलाम म्हणून विकला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा. धनी पोटीफर याच्या बायकोने मोहात पाडू पाहिले तेव्हा तिला नकार दिल्याचे पहिले फळ त्याला तुरुंगाच्या रूपाने मिळाले. रोमी सुभेदार फेलिक्सला कैदेतल्या प्रेषित पौलाकडून पैसे मिळण्याची आशा होती, म्हणून तो त्याला वारंवार बोलावून संभाषण करीत असे. ते पैसे आले नाहीत, आणि दोन वर्षांनी सुभेदार बदलला तरी पौल कैदेतच होता. किंमत आधी मोजून ठेवलीस, तर ती द्यायची वेळ आल्यावर देवाने फसवले असे वाटणार नाही.

आता नकार कसा द्यावा, याविषयी. 'माझ्या धर्मात हे बसत नाही' असे म्हणू नकोस. तसे म्हटले की खोटेपणाचा प्रश्न बाजूला राहतो आणि ती तुझी खाजगी आवड ठरते, एखाद्याने विशिष्ट पदार्थ खाऊ नये तशी. 'साहेब, माल आलेला नाही, म्हणून आल्याची सही मला करता येणार नाही. माल येणे बाकी आहे असे लिहून मी आत्ता सही करतो' एवढे एकदाच, हळू आवाजात आणि शक्यतो एकांतात सांग. प्रवचन नको. त्यांच्या उपकारांची आठवण मनापासून बोलून दाखव, आणि त्या दिवशी दुसरे कोणतेही खरे काम रात्री उशिरापर्यंत थांबून करण्याची तयारी ठेव. नकारासोबत मदतीचा हात असला, तर तो नकार त्यांच्याविरुद्ध नाही, हे त्यांना कळण्याची शक्यता तरी राहते.

याच्याही आधीची एक गोष्ट आहे. बाबेलच्या दरबारातला अधिकारी दानीएल याच्या शत्रूंनी त्याच्या राज्यकारभारात दोष शोधला आणि त्यांना हलगर्जीपणाही सापडला नाही; म्हणून त्यांना त्याच्या प्रार्थनेवर तीस दिवसांची बंदी रचावी लागली. तुझ्या फायली अर्धवट असतील, तू रोज उशिरा येत असशील आणि कामाच्या वेळात मोबाईलवर वचने पाठवीत बसत असशील, तर तुझ्या नकाराला कोणी विवेक म्हणणार नाही, कामचुकारपणा म्हणतील; आणि खरे सांगायचे तर ते फारसे चुकणारही नाहीत.

प्रत्येक अवघड कागद सारखाच नसतो, हेही सांगून ठेवतो, कारण तुझ्या वयात माणूस एकदा जागा झाला की त्याला सगळीकडे पाप दिसू लागते. त्याच पाचव्या अध्यायात नामान म्हणतो की माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोन दैवताच्या मंदिरात नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, तेवढ्याची क्षमा असावी. आणि अलीशा त्याला शांतीने जाण्यास सांगतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरलेल्यापेक्षा अधिक घेऊ नका, कोणाला छळून पैसे काढू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असे सांगितले. त्यामुळे राजीनाम्याचा जो मसुदा तू लिहून ठेवला आहेस, तो तूर्त खणातच असू दे.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत, शेजारच्या टेबलावरच्या त्या विवाहित सहकारी बाईंशी वाढत चाललेल्या बोलण्याविषयी तू ओझरते लिहिले आहेस. त्यावर लांब लिहीत नाही. योसेफाने पोटीफराच्या बायकोचा रोज रोज चाललेला तो आग्रह तर मानला नाहीच, शिवाय तिच्याजवळ राहण्याचेही टाळले. आणि शेवटी वाद न घालता, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. पावतीच्या बाबतीत थांबून बोलायचे असते. इथे उठून निघून जायचे असते. पुढच्या पत्रात मला याविषयी ओझरते नको, सविस्तर हवे आहे.

'उद्या बघतो' हे जे तू म्हणालास, ते पाप नव्हते, पण उत्तरही नव्हते. महिनाअखेर येत्या गुरुवारी आहे. साहेबांना बुधवारीच भेट, म्हणजे त्यांनाही दुसरी व्यवस्था करायला एक दिवस मिळेल. त्या सकाळी मी तुझे नाव घेऊन प्रार्थनेला बसेन. आणि हात गळून तू सही केलीसच, तर त्याच संध्याकाळी मला फोन कर. गेहजीचे उत्तर मला देऊ नकोस.

प्रभूमध्ये तुझा,
एक जुना हिशेबनीस