कराटे खऱ्या प्रसंगात कामी येतं का?

तुम्ही विचारलंय की सात वर्षं कराटे झालं, पुढच्या महिन्यात ब्लॅक बेल्टची परीक्षा आहे, पण उद्या खरंच कोणी अंगावर आलं तर यातलं काही चालेल का, की सोडून एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं तो प्रकार, लावावं. मी नऊ वर्षं शोतोकान, म्हणजे कराटेचीच एक स्टाईल, केलंय आणि हाच प्रश्न एकदा आमच्या सरांना भर क्लासमध्ये विचारला होता, म्हणून लिहितेय.

तेव्हा मनगट सोडवायची प्रॅक्टिस चालू होती. अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून काढायचा, तुम्हालाही शिकवलं असेलच. सगळ्यांचे हात सटासट सुटत होते, कारण पार्टनर नुसता धरून उभा असतो आणि वेळ आली की स्वतःच पकड सैल करतो. मी म्हटलं, सर, एकदा घट्ट धरून ओढू दे ना मला, बघू सुटतो का. सर म्हणाले आधी फॉर्म नीट कर, बाकीचं आपोआप येतं, आणि क्लास संपेपर्यंत मला सगळ्यांसमोर किबा दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं पाय रुंद आणि गुडघे वाकवून, उभं केलं. मांड्या थरथरल्या त्याचं काही नाही, पण विचारलं म्हणून शिक्षा, हे अजून डोक्यातून जात नाही.

दोन वर्षांनी रात्री पार्किंगमध्ये एका माणसाने माझा हात धरला. एका हाताने नाही, दोन्ही हातांनी, आणि धरून उभा नाही राहिला, फरफटत ओढायला लागला. मी शिकवल्याप्रमाणे अंगठ्याकडे फिरवला, नाही सुटला. परत फिरवला, नाही सुटला. कान बंद झाल्यासारखे झाले, डोळ्यांना फक्त त्याचे हात दिसत होते, किकबिक तर आठवलीच नाही. पुढचं मी नंतर आठवून आठवून जुळवलंय. पाय रुंद करून मी खाली बसल्यासारखी झाले, मोकळ्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि जोरात कमरेकडे खेचलं. म्हणजे हिकिते! पंच मारताना दुसरी मूठ कमरेशी घेतो तीच, नऊ वर्षं मला ती फक्त दिसायला चांगली म्हणून करतात असं वाटायचं. तो तोल जाऊन पुढे आला, पकड ढिली झाली, मी तळहात त्याच्या नाकावर मारला आणि पळाले. सगळं मिळून पाच-सहा सेकंद असतील.

त्यामुळे माझा दादा, जो बॉक्सिंग करायचा, काताला, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या क्रमाला, नाच म्हणतो ते मला मान्य नाही. कातामध्ये पकडी आहेत, ओढणं आहे, तोल घालवणं आहे. पण पिनान नावाचे काता, म्हणजे शोतोकानमधले हेयान, कराटेचे जुने शिक्षक इतोसू यांनी ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी बसवले, आणि आपण मोठे होऊनही तेवढंच करत बसतो, समोर ओढणारा माणूस नसतोच. ज्युडो सुरू करणाऱ्या कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा काढली तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतले धोकादायक प्रकार कातापुरते ठेवले आणि जे पूर्ण ताकदीने करता येतं ते रांदोरीत, म्हणजे समोरचा खरा विरोध करतो त्या मोकळ्या सरावात, घेतलं, म्हणून ज्युडोवाल्याला झटापटीची सवय असते. एमएमएवाल्यालाही असते. फरक तिथे आहे, स्टाईलमध्ये नाही.

मूठ डोक्यावर मारू नका, कवटी टणक असते, बोटांमागचं हाड मोडतं, तळहात वापरा. पडायला शिका. चाकू दिसला तर पैसे द्या आणि पळा, आणि एमएमए लावलंत तरी जमिनीवर कुस्ती खेळत बसू नका, त्याचा दुसरा माणूस उभा असू शकतो.

हे सगळं एका प्रसंगावरून सांगतेय, तो एकटा होता, हत्यार नव्हतं, हेही खरं.

मी सरांना सांगायला गेले तर म्हणाले, बघ, किबा दाचीच कामी आली ना! आली, मी नाही म्हणतच नाही. पण हात सुटला नाही हे मी दोनदा सांगितलं, त्यावर ते काही बोलले नाहीत. मी त्याच महिन्यात क्लास सोडला. तुम्ही सोडू नका, परीक्षा द्या. फक्त त्याआधी तुमच्यापेक्षा जड असलेल्या कोणालातरी दोन्ही हातांनी धरून ओढायला सांगा, आणि सर नको म्हणाले तर क्लास सुटल्यावर करा.