चिनी लोकांकडे आपल्यासारखे पारंपरिक गोड पदार्थ नसतातच का?

असतात हो! आमचे दाजीही गेली सहा वर्षं मला हेच ऐकवतात, फक्त त्यांच्या तोंडी तो प्रश्न नसतो, निकाल असतो.

टाइल्सच्या धंद्यापायी मी दीड वर्ष चीनमधल्या फोशानला होतो. तिथला शुंदे भाग दुधाच्या गोडासाठी नावाजलेला. म्हशीच्या दुधावर साय धरू देतात, खालचं दूध अलगद ओतून घेतात, त्यात साखर नि अंड्यातलं पांढरं मिसळून पुन्हा सायीखाली सोडतात आणि वाफवतात. वर दुसरी साय येते. नावच मुळी 'दुहेरी साय'.

पण मी वेडा झालो ते ज्यांग च्वांग नाय खाऊन. आल्याच्या रसावर गरम दूध ओतायचं, झालं! दहा मिनिटांत खरवस. चीक नाही, अंडं नाही. आल्यातलं विकर दूध गोठवतं.

डोंबिवलीला परतल्यावर भाऊबीजेला मोठ्या थाटात करायला घेतलं आणि सवयीनं उकळतं दूधच ओतलं. एवढ्या उष्णतेनं विकर मरतं. दूध पाण्यासारखं ते पाण्यासारखंच. दाजी म्हणाले, "पत्ती टाक, निदान चहा तरी होईल." तेव्हापासून घरात त्याचं नाव 'मामाचा चहा'.

तर नीट ऐका. आलं जून हवं, रस ताजा हवा, तळाला बसलेला पांढरा साका ढवळून घ्यायचा. साखर घातलेलं म्हशीचं दूध तापवून ७० अंशांच्या आसपास उतरू द्यायचं, एका दमात ओतायचं आणि वाटीला हात लावायचा नाही. आता माझं दर वेळी जमतं. पण आता दाजींना डायबेटिस आहे, म्हणे.

बाकी थांग्युआन आहेत. चिकट तांदळाच्या पिठीचे, काळ्या तिळाचं सारण भरलेले गोळे, पहिल्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला करतात. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा मूनकेक मात्र मला झेपत नाही. कमळबियांच्या गोड सारणात खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक कशाला? आणि 'फार गोड नाही' ही तिथे गोडाची तारीफ असते. आपल्याकडे बासुंदीला म्हणून बघा.

हां, शाकाहारी असाल तर विचारूनच खा. थांग्युआनच्या तिळाच्या सारणात आणि मूनकेकमध्ये बरेचदा डुकराची चरबी असते. (दाजी हे उत्तर वाचणार आहेत, म्हणून शेवटी लिहिलं.)