बांजाच्या जंगलात सासूबाई चालतील का?

प्रश्न : ताई, मुलांना सुट्ट्या लागल्या की मे महिन्यात आम्ही उत्तराखंडमध्ये कुमाऊंला जातोय. दोन रात्री बिनसरला मुक्काम आहे. तिथून हिमशिखरं बघायला झीरो पॉइंटला जातात, ती वाट ओकच्या, म्हणजे तिथल्या भाषेत बांजाच्या जंगलातून जाते म्हणे. सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. रोज सकाळी बागेत फिरतात, पण जिना उतरताना गुडघा दुखतो. त्यांना न्यावं का? शिवाय यजमान म्हणतात, मे महिन्यात हिमशिखरं दिसणार नसतील तर तिथवर चालायचंच कशाला?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : सासूबाईंना जरूर न्या. अभयारण्यातल्या पर्यटक निवासापासून झीरो पॉइंट साधारण दोन किलोमीटर आहे आणि चढ बेताचा. मात्र आपलं इंदूर ५५० मीटरवर, ती जागा २४०० मीटरच्या आसपास. धाप लागणारच. पोहोचल्या दिवशी आराम करू द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी निघा.

गुडघ्याचा प्रश्न जाताना नाही, येताना येईल. बांजाची वाळलेली पानं कडक नि गुळगुळीत असतात, उतारावर त्यांच्यावरून पाय सटकतो. खाचांच्या तळव्याचे बूट आणि हातात काठी, एवढं हवंच. निघण्याआधी काही रविवार त्यांना आपल्या रालामंडलच्या टेकडीवर न्या. होळकरांच्या शिकारगाहापर्यंत चढवा आणि उतरताना गुडघा काय म्हणतो ते बघा. तिथे दुखला, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

यजमानांच्या प्रश्नावर मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय. मे महिन्यात हवा धुरकट असते, शिखरं बऱ्याचदा दिसत नाहीत, हे खरं. नंदादेवी, त्रिशूल, पंचचूली स्वच्छ बघायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावं. पण बिनसरला १९८८मध्ये अभयारण्य झालं ते या रुंद पानांच्या जंगलासाठी, आणि ते मे महिन्यातही जागेवरच असतं! लोक मान खाली घालून भराभर चालतात, टोकाच्या मनोऱ्यावर चढतात, ढग बघून हिरमुसतात आणि परततात. मला फार वाईट वाटतं ते बघून.

तुम्ही एक करा. अल्मोड्याहून वर येताना आधी चीडचं, म्हणजे पाइनचं जंगल लागेल. तिथे गाडी थांबवून मुलांना खाली हात लावायला सांगा. सगळीकडे पिरूळ, म्हणजे चीडच्या वाळक्या सुया. मग वर बांजाखाली तेच करायला सांगा. पानांचा थर उकरला की खाली काळी, भुसभुशीत माती लागते. पावसाचं पाणी या मातीत मुरतं आणि खालच्या गावांतल्या झऱ्यांना, नौल्यांना सावकाश मिळत राहतं. नौला म्हणजे झऱ्यावर बांधलेलं दगडी कुंड. बांजाच्या मुळातलं पाणी गार, असं तिथल्या बायका सांगतात. गुरांना चारा, गोठ्यात अंथरायला पाला आणि चुलीला लाकूडही त्यांना याच झाडाकडून मिळत आलंय.

आपल्याकडे मे महिन्यात साग उघडाबोडका उभा असतो. बांज तसा कधीच होत नाही, जुनी पानं गळतात तोवर नवी आलेली असतात. पान वरून गडद हिरवं, खालून पांढुरकं. वारा आला की अख्खं झाड रंग बदलतं. खोडांवर शेवाळ आणि नेचे असतात, ते सासूबाईंना दाखवा. दर वळणावर थांबायला त्यांना आयतं निमित्त मिळेल आणि गुडघ्यालाही विसावा. बुरांसची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची लाल फुलं तोवर बहुतेक संपलेली असतील, पण काफळ हे तिथलं रानफळ मिळेल, मीठ लावून खा.

वाटेत दुकान नाही. पाणी घ्या, शेव-परमल घ्या. बिबट्याचं जंगल आहे, त्यामुळे गाइड घ्या, मुलांना पुढे पळू देऊ नका आणि अंधार पडायच्या आत परता.

आणि आगीचं. जून २०२४मध्ये याच अभयारण्यात वणवा विझवायला गेलेल्या वनकर्मचाऱ्यांचा होरपळून मृत्यू झाला. मे-जूनमध्ये पिरूळ एका ठिणगीने पेटतं. यजमान सिगारेट ओढत असतील, तर काडेपेटी खोलीवर ठेवूनच निघा. कुठे धूर दिसला तर फोटो काढत थांबू नका, गाइडला सांगून वनखात्याच्या चौकीवर लगेच कळवा.