ठाणे स्टेशनवर जेवणाच्या सुट्टीत लोकल कॅमेऱ्यात टिपायची असेल तर

सुरुवात नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून कर. ट्रान्स-हार्बरच्या (ठाणे ते नवी मुंबई मार्गाच्या) वाशी-पनवेल गाड्या तिथूनच सुटतात, त्यामुळे उभी गाडी निवांत मिळते. तिकीट किंवा पास खिशात असू दे. पोलिसांनी हटकलं तर वाद न घालता कॅमेरा आत ठेव.

दुपारी छपराखालून फोटो काढलास तर अर्धी फ्रेम काळी, अर्धी पांढरीफटक येते. छप्पर संपतं तिथे थांब, पिवळ्या पट्टीच्या मागे. धावत्या गाडीला शटरचा वेग १/१००० सेकंद ठेव. मात्र लोकलच्या कपाळावरची एलईडी पाटी त्या वेगाला तुटक उमटते, अक्षरंच गायब होतात! ती वाचता यायला हवी असेल तर गाडी थांबू दे आणि १/१०० च्या आसपास घे.

फ्लॅश अजिबात नको, मोटरमनचे डोळे दिपतात. सेल्फी स्टिकही नको. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात.